शनिवारचं शिसं

मला बंदुकीची आवड नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकून लोकांचा भलता समज होतो. दिवाळीत भाऊ टिकल्यांची बंदूक उडवायचा तेव्हा मी कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात आईच्या मागे जाऊन उभी राहायची. तीच मी गेली काही वर्षं जर्मनीत, वोल्फ्सबुर्गजवळच्या एका खेड्यात, दर शनिवारी सकाळी एका म्हाताऱ्या माणसाच्या गराजमध्ये बसून रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या ओतते.

सासूबाईंना हे फोनवर कळलं तेव्हा त्यांनी आधी खात्रीच करून घेतली.

"अगं, म्हणजे खऱ्या?"

"हो आई, खऱ्या."

"आणि मारायच्या कुणाला?"

"कुणाला नाही. कागदाला."

"मग एवढा खटाटोप कशाला गं?"

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आता येतं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नाही.

आम्ही नवरा-बायको या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली घरमालक आणि त्यांची बायको. आम्ही आपसात त्यांना आजोबा-आजी म्हणतो. तोंडावर अर्थातच हेर, फ्राउ, म्हणजे श्रीयुत, श्रीमती, आणि पुढे आडनाव. इथे एवढ्या वर्षांच्या शेजारानंतरही त्याशिवाय चालत नाही. आजोबांचं गावात औषधांचं दुकान होतं. आयुष्यभर त्यांनी पावडरी तोलल्या, पुड्या बांधल्या, आणि प्रत्येक पुडी गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी पुन्हा एकदा बघितली. दुकान विकलं, पण ती सवय काही गेली नाही. रविवारी ते शुत्झेनफेराइनमध्ये, म्हणजे गावच्या नेमबाजी क्लबात जायचे आणि आठवडाभर त्याची तयारी करायचे.

मी गाड्यांच्या कारखान्यात मोजमाप करते. इंजिनाचे भाग माझ्या टेबलावर येतात. भाग बरोबर आहे की नाही ते मी सांगते आणि चुकला असेल तर त्यावर लाल चिठ्ठी लावते. लाल चिठ्ठी लागली की तो भाग आउसशुस, भंगार. मग बनवणाऱ्याने कितीही गयावया केली तरी उपयोग नाही. नवरा म्हणतो, नोकरीने तुझा स्वभाव असा झालाय. माझं म्हणणं, स्वभाव आधीपासूनच होता, त्याला साजेशी नोकरी नंतर मिळाली.

आजोबांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. नवीन राहायला आलो होतो. मी बाल्कनीत कपडे वाळत घातले होते आणि खालच्या गराजमधून तापलेल्या मेणाचा आणि धातूचा वास वर येत होता. तावातावाने खाली गेले. मनात जर्मन वाक्यं जुळवत होते, त्यातली क्रियापदं कुठे टाकायची ते ठरेपर्यंत दारात पोचलेही. आजोबांनी माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं, शिसं वितळवायचं विजेवरचं भांडं बंद केलं, हात पुसले आणि विचारलं, "तुम्ही मोजमापात काम करता ना?" मग टॉवेलवरची एक गोळी उचलून माझ्या हातात दिली आणि सोबत मायक्रोमीटर.

गोळी कोमट होती. सपाट तोंडाची, बुटकी, एखाद्या इवल्याशा डबीसारखी. रागातच होते, तरी मोजायची वस्तू हातात आल्यावर माझा हात थांबत नाही. तीन जागी मोजली आणि म्हटलं, "ही गोल नाही."

म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलला की मी कपड्यांचं विसरले. नंतर आजींनी मला सांगितलं, त्या दिवशी ते आत येऊन म्हणाले होते, वरच्या मजल्यावर शेवटी एक माणूस राहायला आलाय.

रिव्हॉल्व्हर त्यांचं लहान कॅलिबरचं, नेम धरण्यासाठीच बनवलेलं. विकतची काडतुसं त्यांना चालायची नाहीत. आपल्या हाताने ओतलेली गोळी, आपल्या हाताने भरलेलं काडतूस, आणि मगच नेम. चाळीस वर्षांत दुसऱ्याची गोळी झाडली नाही हे ते कुणालाही, पोस्टमनलासुद्धा सांगायचे.

इथे या सगळ्याला कायदे कडक आहेत. काडतुसात भरायची पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, जवळ ठेवायला वेगळा परवाना, त्यासाठी अभ्यासक्रम, परीक्षा, आणि ठराविक वर्षांनी पुन्हा अर्ज. माझ्याकडे तो परवाना नाही आणि मला नकोही आहे. पण शिसं वितळवून साच्यात ओतायला परवाना लागत नाही. त्यामुळे आमची वाटणी आपोआप झाली. शिसं माझं, पावडर त्यांची. पावडरीच्या कपाटाकडे मी बोटही करायचं नाही.

शिशाचं काम मला आवडायला लागलं याचं मलाच नवल वाटतं. भांड्यात शिसं वितळलं की त्यावर मेणाचा तुकडा टाकायचा, धूर होतो, मळ वर येतो, तो काढून टाकायचा. मग पळीने साच्यात ओतायचं, वर साचलेला जादा थर कापायचा, साचा उघडायचा, गोळ्या टॉवेलवर टपकतात. साचा गार असतो तोवर पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघतात. अप्प्यांचा पहिला घाणा बिघडतो तसंच. त्या मुकाट्याने परत भांड्यात टाकायच्या. शिशाचं हे बरं असतं, चुकलेलं पुन्हा वितळवता येतं. आमच्या कारखान्यातल्या भागांचं तसं नसतं.

दुपारी ते काडतुसं भरायचे. तेव्हाचा त्यांचा नियम म्हणजे देवपूजेचं सोवळं. रेडिओ बंद. फोन घरात. आजींनी कॉफीला हाक मारायची नाही. मला मागे स्टुलावर बसायची परवानगी, पण तोंड मिटून. मला गप्प बसवणं आजवर फार थोड्यांना जमलंय. आजोबा त्यांतले एक. लाकडी ठोकळ्याच्या भोकांत पितळी पुंगळ्या उभ्या करून ठेवायच्या. प्रत्येकीत मापाने पावडर टाकायची. सगळ्या भरल्या की छोटी बॅटरी घेऊन एकेका पुंगळीत डोकावायचं आणि म्हणायचं, "ड्रिन." म्हणजे, आहे आत. पुढची. "ड्रिन." पुढची. "ड्रिन." ठोकळा संपेपर्यंत तो एकच शब्द.

असं का, ते त्यांनी मला पहिल्याच शनिवारी समजावून सांगितलं होतं. या काडतुसात पावडर चिमटीहूनही कमी लागते आणि पुंगळी मात्र ऐसपैस. पावडर टाकायची राहिली तर बुडाच्या टिकलीच्या जोराने गोळी नळीत शिरते आणि तिथेच अडकते. मागून दुसरी झाडली की नळी फुगते किंवा फाटते. आणि चुकून दोनदा पडली तर पुंगळी भरून वाहत नाही, वरवर काही कळत नाही. कळतं ते झाडल्यावर, हातातलं रिव्हॉल्व्हर फुटलं तर. म्हणून एकेकीत डोकावायचं, आणि नुसतं आहे की नाही एवढंच बघायचं नाही, शेजारणीइतकीच आहे ना हेही बघायचं. "डोळे एकटे असले की थापा मारतात," ते म्हणाले होते, "तोंडाने बोललं की त्यांना खरं बघावं लागतं."

माझे वडील सांगलीला वारले तेव्हा मी इथे होते. जायचं म्हटलं तरी पोचेपर्यंत सगळं उरकणार होतं. भावाने व्हिडिओ कॉल लावला, त्यात कुणाचीतरी पाठच जास्त दिसत होती. नवरा कामासाठी म्युनिकला गेलेला. फोन ठेवून मी जिन्यात बसून राहिले. आजोबा जिन्याखाली आले, काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. त्यांनी सांत्वनाचं काही म्हटलं नाही. गराज उघडलं, भांडं चालू केलं आणि पळी माझ्या हातात दिली. शनिवार नव्हता. आम्ही शिसं संपेपर्यंत गोळ्या ओतत राहिलो. रडू आलं की मी साचा बाजूला ठेवायची, ओसरलं की पुन्हा घ्यायची. ते शेजारी बसून गार झालेल्या गोळ्या ओळीत लावत होते. त्या दिवशी त्या गराजमध्ये मला जी जागा मिळाली, ती इथल्या कुठल्याच कागदावर मिळणार नाही. म्हणून नवरा जेव्हा विचारतो की तो माणूस आपला कोण लागतो, तेव्हा माझं डोकं फिरतं.

रविवारी चाचणी. क्लबात टेबलावर रिव्हॉल्व्हर टेकवून ते झाडायचे, समोर वेग मोजायचं यंत्र, लांब कागदाचं लक्ष्य. मी आकडे वाचायची. सपाट तोंडाच्या गोळीने कागदाला कसं स्वच्छ गोल भोक पडतं, कंडक्टरच्या पंचने तिकिटाला पडावं तसं. भोकं एकमेकांना चिकटून आली की आजोबा तो कागद माझ्या नवऱ्याला दाखवायला घरी आणायचे. नवरा बिचारा "झेअर गुट, झेअर गुट", फार छान, म्हणायचा आणि माझ्याकडे बघायचा.

मग वेगाचे आकडे बिघडायला लागले. एकाच ठोकळ्यातली काडतुसं, पण एक जोरात, एक मंद. आधी मी यंत्राच्या बॅटरीला दोष दिला. मग थंडीला. मग माझ्याच शिशाला. जुनं शिसं इकडून तिकडून गोळा केलेलं, कधी छपराचं, कधी गाडीच्या चाकाची वजनं. मोजमाप करणाऱ्याला आकडा आवडला नाही की तो आधी यंत्रावर संशय घेतो, हे मी रोज इतरांना ऐकवते. स्वतःवर आल्यावर मीही तेच केलं. तोवर आजोबा कधीमधी बोललेलं वाक्य पुन्हा बोलायला लागले होते, आणि एकदा त्यांनी मला विचारलं की तुमचे वडील कसे आहेत. मी "बरे आहेत" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

एका कामाच्या दिवशी दुपारी आम्ही दोघंच क्लबात होतो. किल्ली त्यांच्याकडे असायची. पहिले बार नीट गेले. मग एकदा नेहमीचा आवाज आलाच नाही. फुस्स झालं. कानांवर संरक्षक लावलेले असूनही मला तो फरक कळला. कागदावर नवं भोक नव्हतं. आणि आजोबांनी अंगठ्याने घोडा पुन्हा मागे ओढला.

"अहो, थांबा!" मी किंचाळले. मराठीत. जर्मन आठवायला वेळच नव्हता.

ते थांबले. शब्द कळला म्हणून नाही, माझा आवाज ऐकून. त्यांनी घोडा हळूच खाली घेतला, रिव्हॉल्व्हर उघडलं, रिकामं केलं आणि नळीतून उजेडाकडे बघितलं. पलीकडचं काही दिसेना. मी ओतलेली गोळी मध्येच बसली होती.

"असं होतं," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत एकदा होणारच." मग थोड्या वेळाने, "बायकोला सांगू नका."

त्यांचे हात अगदी स्थिर होते आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

त्याच वेळी भरलेली बरीच काडतुसं गराजमध्ये होती. मी म्हटलं, सगळी तोलू. जिच्यात पावडर नाही ती हलकी भरेल, जिच्यात दुप्पट ती जड. मला कोण उत्साह आला. हे माझं क्षेत्र. त्यांच्या औषधी तराजूवर ते एकेक काडतूस ठेवत गेले आणि मी आकडे बघत गेले, आणि पहिल्या ओळीतच माझ्या लक्षात आलं की यातून काही कळणार नाही. मी ओतलेल्या गोळ्यांच्या वजनातच एवढा फरक होता की चिमटीभर पावडर त्यात बुडून जात होती. पुंगळ्याही वेगवेगळ्या कंपन्यांच्या. जड काडतूस जड गोळीमुळे जड की दुप्पट पावडरीमुळे, हे जगातला कुठलाच तराजू सांगणार नव्हता. कारखान्यात माझ्याकडे खोलीएवढी यंत्रं आहेत. आणि एक माणूस स्वतःच्या हाताला इजा करून घेणार की नाही, एवढं साधं मला मोजता येईना.

"मग सगळी फोडू," आजोबा म्हणाले.

फोडायची म्हणजे एक पोकळ डोक्याची प्लास्टिकची हातोडी असते. तिच्यात काडतूस अडकवून लाकडावर आपटायचं, की गोळी सुटून पोकळीत पडते आणि मागोमाग पावडर. ती बशीत ओतायची, बघायची, मग बरणीत जमा करायची. काम पावडरीचं, त्यामुळे मी नुसती स्टुलावर. रेडिओ बंद, दार बंद. ठक. बशी. "ड्रिन." ठक. बशी. "ड्रिन." माझा जीव हळूहळू खाली बसायला लागला. चूक एकच झाली असणार, आणि ती नळीत अडकून सापडली होती.

ठक. बशीत पडलेला ढीग आधीच्यापेक्षा मोठा होता. थोडाथोडका नाही, दुप्पट. स्टुलावरून, लांबूनही दिसत होता. आजोबांनी बशीत बघितलं. नीट, वाकून बघितलं.

"ड्रिन," ते म्हणाले आणि पावडर बरणीत ओतली.

आवाज तोच, आधीच्या प्रत्येक वेळी होता तोच.

"हेर..." मी त्यांचं आडनाव घेतलं. नियम मोडून बोलले. "ते दुप्पट होतं."

"काय?"

"आत्ताचं. दुप्पट पावडर होती."

त्यांनी बशीकडे बघितलं. बशी रिकामी. बरणीकडे बघितलं. बरणीत सगळी सारखीच दिसत होती. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. दुकानात एखादं गिऱ्हाईक घाबरून आलं असेल, तर त्याच्याकडे ते असेच बघत असतील. "नाही," ते मऊपणे म्हणाले. "मी बघितलं ना." आणि पुढचं काडतूस हातोडीत अडकवलं.

पुरावा बरणीत मिसळला होता. मी काडतुसं संपेपर्यंत बसून राहिले आणि वर येऊन हात धुताना ढसाढसा रडले.

आजींना सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. त्या त्यांच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. सोलणं थांबवलं नाही.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्याचे कपडे मी धुते. खिशात काय काय सापडतं ते मी बघते. परवा त्याने मला विचारलं, दुकान उघडायला उशीर होतोय, किल्ली कुठे आहे."

"डॉक्टर?"

"रक्तदाबाच्या डॉक्टरकडे जातो. हसतखेळत बोलतो. परत येतो आणि सांगतो, सगळं उत्तम." त्यांनी एक बटाटा पाण्यात टाकला. "मी थांब म्हटलं, तर तो मला म्हणेल की तुला यातलं काय कळतं. तुम्ही सांगा. तुम्ही मोजता. तुमचं तो ऐकेल."

मला ते जमणार नाही, हे त्यांना सांगणंही मला जमलं नाही.

एक मात्र आजींनी केलं होतं. नळीतली गोळी काढायला रिव्हॉल्व्हर शेजारच्या गावातल्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडे गेलं होतं, आणि आजींनी त्याला गुपचूप फोन करून सांगितलं होतं की काही घाई नाही, अजिबात घाई नाही. आजोबा दर आठवड्याला फोन करून विचारायचे. तो माणूस म्हणायचा, एक भाग यायचाय.

नवऱ्याला हे सगळं विचित्र वाटायचं. "सरळ बेहोर्डेला एक मेल टाक ना. परवाना देणारे ते, काढून घेणारे ते. आपण कशाला मध्ये?"

"आणि ते विचारतील कुणी कळवलं, तेव्हा?"

"विचारू देत. कुणाचा हात उडाला तर काय करशील?"

"मला कळत नाही का ते?" मी ओरडले. "रोज तेच येतं डोळ्यांसमोर. पण तो परवाना काढला की त्या माणसात काय उरतं, ते तू सांग मला."

त्याचं चुकत नव्हतं आणि तेच मला सहन होत नव्हतं.

शेवटी मी एका गोष्टीवर आशा लावून बसले. त्यांच्या पावडरीच्या परवान्याची मुदत संपत आली होती. अर्ज गेलाच होता. वाटलं, ऑफिसातलं कुणीतरी वय बघेल, बोलावून घेईल, चार प्रश्न विचारेल, आणि नाही म्हणेल. कुणीतरी परकं माणूस, ज्याला त्यांनी कधी पळी दिली नाही. मी चक्क देवाला म्हटलं, त्यांना नापास कर.

परवाना आला. शिक्क्यासकट, पुढच्या मुदतीसाठी. नावावर कुठलाही गुन्हा नाही, क्लबाचं पत्र व्यवस्थित, सगळी कागदपत्रं पूर्ण. आजोबा तो घेऊन वर आमच्याकडे आले. हातात केक. "बघा," ते म्हणाले, "अजून चालतो म्हातारा." आम्ही तिघांनी केक खाल्ला. नवऱ्याने माझ्याकडे बघणं टाळलं. केक चेरीचा होता.

"आता शनिवारी ओतू," आजोबा म्हणाले. "भरपूर. रिव्हॉल्व्हर येईलच."

त्या शनिवारी मी गराजमध्ये शिरले तेव्हा काही ठरवलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. त्यांचे हात आता पळी धरताना कापायचे म्हणून एरवी ते मध्येच चार गोळ्या ओतायचे तेही माझ्याकडेच आलं होतं. मी ओतत गेले. साचा छान तापला होता, गोळ्या एकाहून एक निघाल्या, आरशासारख्या. टॉवेल भरला. ते ठोकळा आणि पुंगळ्या काढायला उठले. मी मायक्रोमीटर घेतला, एक गोळी मोजली. जशी हवी तशी होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "आउसशुस."

"काय?"

"माप चुकलंय. साचा झिजला बहुतेक." दुसरी घेतली. "हीसुद्धा." तिसरी. "हीसुद्धा."

आयुष्यात मी माप खोटं सांगितलेलं नाही. बॉसने विनंती केली तेव्हा नाही, लाइन थांबून सगळा कारखाना माझ्या नावाने ओरडत होता तेव्हाही नाही. आणि त्या सकाळी मी टॉवेलभर उत्तम गोळ्या एकेक करून मोजल्या आणि एकेक करून भंगार ठरवल्या. गोळी नाही तर काडतूस नाही. विकतच्या गोळीला ते हात लावणार नाहीत. एवढंच माझ्या हातात होतं, तेवढं मी केलं.

आजोबा ठोकळा हातात धरून उभे होते. मग त्यांनी तो खाली ठेवला, स्टूल ओढून माझ्यासमोर बसले आणि हात पुढे केला. मी मायक्रोमीटर दिला. दुसरा काही मार्ग होता का? त्यांनी मी टाकलेलीच एक गोळी उचलली. कापऱ्या बोटांनी ती पकडीत बसवायला बराच वेळ गेला. चष्मा वर केला, आकडा डोळ्यांजवळ नेला. आकडा बरोबर होता. मी उलटा का होईना, समोरून वाचू शकत होते.

त्यांनीही तो वाचला. ते माझ्याकडे बघायला लागले. आधी गोंधळून, मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं एकेक करून उतरत गेलं, आणि मला दिसलं की त्यांना कळलंय. बशी, बरणी, नळीत अडकलेली गोळी, रिव्हॉल्व्हर परत का येत नाही ते, मी खोटं का बोलतेय ते. सगळं. मला उठून पळून जावंसं वाटलं.

"गेनाऊ," ते म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. "आउसशुस."

आणि ती गोळी त्यांनी स्वतः भांड्यात टाकली. टॉवेल उचलला, बाकीच्याही ओतल्या. मग हात लांब करून रेडिओ लावला. त्या गराजमध्ये मी पहिल्यांदा गाणं ऐकलं. शिसं वितळेपर्यंत आम्ही ते ऐकत बसलो.

मला वाटलं, संपलं. फार वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. आता कुणाला काही सांगायला नको.

पुढच्या शनिवारी सकाळी खालून हाक आली. गराजचं दार उघडं, भांडं तापलेलं, टॉवेल अंथरलेला. आजोबा हात चोळत उभे. रेडिओ बंद.

"आज भरपूर ओतू," ते म्हणाले. "परवाना आलाय माझा, सांगितलं का तुम्हाला?"

त्यानंतरचे सगळे शनिवार असेच. मी ओतते, मोजते, आउसशुस म्हणते. ते समोर बसतात आणि मायक्रोमीटर मागतात. नाही म्हणायचा धीर मला होत नाही. ते आकडा वाचतात, माझ्याकडे बघतात, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून कळतं. मग ते गोळी भांड्यात टाकतात आणि रेडिओ लावतात. तेच शिसं आहे, नवीन आणलेलंच नाही. उद्याही शनिवार आहे.